खालून कापलेला परिच्छेद

वर्तमानपत्रात मजकूर खालून कापतात. बातमी लिहिणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सांगितले जाते की सर्वांत महत्त्वाचे वर लिही, मग कमी महत्त्वाचे, मग त्याहून कमी. जागा अपुरी पडली की पान लावणारा माणूस शेवटून ओळी काढतो आणि बातमी शाबूत राहते. आग कुठे लागली हे वर असते, बंब किती वेळाने आला हे मध्ये असते आणि आगीचे कारण समजू शकले नाही हे शेवटी असते. ती शेवटची ओळ गेली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

हे काम मी एकतीस वर्षे केले. त्यातली शेवटची चौदा वर्षे विरार पूर्वेच्या एका साप्ताहिकात गेली आणि तिथे आरोग्याचे पान माझ्याकडे होते. पानावर आहाराचे सदर होते. ते अनिता राऊत लिहायच्या. त्या आहारतज्ज्ञ. वसईत त्यांचा दवाखाना होता आणि दोन इस्पितळांत त्यांची फेरी असे. अंक गुरुवारी छापायला जायचा. बुधवारी दुपारी अनितांचा मजकूर यायचा. सदराला जागा चारशे शब्दांची होती आणि त्या साडेपाचशे लिहायच्या. जादाचे दीडशे काढणे हे माझे काम.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बातमीदारासारखे लिहीत नाहीत. काय करावे ते आधी सांगतात, का करावे ते मग सांगतात, आणि कोणी करू नये ते सर्वांत शेवटी. त्यांच्या लेखी शेवटची ओळ पहिल्या ओळीइतकीच वजनदार असते. हे मला माहीत होते. माहीत असणे आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता लक्षात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौदा वर्षांत सर्वांत जास्त पत्रे तेल, तूप आणि नारळ यांवर आली. त्याला कारण हा तालुकाच आहे. रुळांच्या पश्चिमेला वाड्या आहेत. तिथे दारात नारळ असतो आणि कालवणात नारळाचे दूध असते. पूर्वेला इमारती आहेत. तिथे एकाच जिन्यावर शेंगदाण्याचे, मोहरीचे, सरकीचे आणि पामचे तेल वेगवेगळ्या कढयांत तापत असते. प्रत्येक घराला आपले तेल चांगले आणि शेजाऱ्याचे वाईट वाटते. आमच्याकडे येणारी निम्मी पत्रे खरे तर शेजाऱ्याविरुद्धची तक्रार असायची.

अनितांनी हा विषय सोपा करून ठेवला होता. थंडीत गोठणारे ते एका बाजूला: तूप, लोणी, खोबरेल. वाहते राहणारे ते दुसऱ्या बाजूला: शेंगदाणा, तीळ, मोहरी, मासळीतले तेल. हृदयाचा आजार असलेल्याने पहिल्या बाजूला हात आखडता घ्यावा. दुसऱ्या बाजूचे खावे, पण बेतानेच. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेले काळे तेल कोणाच्याच कामाचे नाही. आणि चरबी म्हणजे शत्रू नव्हे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात. ताटात ती अजिबात नसेल तर गाजर खाऊनही गाजराचा पूर्ण फायदा मिळत नाही. वाचकाला स्वयंपाकघरातल्या बाटलीकडे बघून कळेल असेच लिहायचे, हा त्यांचा आग्रह होता.

हे वाचून विरारचे एक निवृत्त बँक अधिकारी कार्यालयात आले. त्यांनी सहा महिने तेल पूर्ण बंद केले होते. उकडलेली दुधी आणि उकडलेली फरसबी खाऊन ते बरेच बारीक झाले होते आणि त्याहून जास्त चिडके. त्या दिवशी अनिता तिथेच होत्या.

“मॅडम, तुम्ही लिहिलंत थोडं तेल हवंच. थोडं म्हणजे किती?”

“माणशी दिवसाला तीन-चार चमचे. सगळ्या स्वयंपाकात मिळून.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून तीन चमचे काढून टेबलावर ठेवले. “यातला कुठला?”

अनितांनी सर्वांत लहान चमचा उचलला. पुढच्या अंकात आम्ही त्या चमच्याचे खऱ्या मापाचे चित्र छापले आणि वाचकांना आपला चमचा त्यावर ठेवून पाहायला सांगितले. छपाईत चित्र किंचित लहान झाले. तक्रार एकच आली, त्याच गृहस्थांची. “तुमच्या चमच्यात आणि माझ्यात एका दाण्याचा फरक आहे,” असे ते फोनवर म्हणाले. आम्ही तेही छापले.

चांदीपच्या एका शेतकऱ्याने लिहिले होते, तांदळाच्या कोंड्याचे तेल चांगले म्हणता, आमच्याकडे कोंडा म्हशीला घालतात, तर आमची म्हैस आमच्यापेक्षा शहाणी आहे काय. अनितांनी उत्तर दिले की त्या बाबतीत आहे. त्यावर त्याचे दुसरे पत्र आले. ते म्हशीच्या वतीने आभार मानणारे होते.

सर्वांत उपयोगी तक्रार अर्नाळ्याच्या हिराबाईंची. त्या मासळी विकायच्या. त्यांचा मुलगा सदर मोठ्याने वाचून दाखवायचा. एके दिवशी बाजार आटोपून त्या टोपलीसकट दुसऱ्या मजल्यावर चढून आल्या.

“पेपरात लिवलंय मासे खा. बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “पन कंचे मासे? नुसतं मासे म्हनलं की मानसं पापलेट मागतात. पापलेटात काय तेल असतं काय?”

“मग कशात असतं?” मी विचारले.

“तारलीत. बांगड्यात. तारलीला कोन हात लावत नाय. वास मारते म्हनतात. अहो, तो तेलाचाच वास. जे तुम्ही खायला सांगता ते मी रोज परत घरी नेते.”

मी अनितांना फोन केला. हिराबाई बरोबर होत्या. शरीराला लागणारी, पण शरीराला स्वतः बनवता न येणारी जी स्निग्ध द्रव्ये असतात, ती तारली-बांगड्यात भरपूर असतात, पापलेटात कमी. सदरात ‘मासे’ हा शब्द नऊ वर्षे होता आणि ही गोष्ट आम्ही एकदाही स्पष्ट लिहिली नव्हती. पुढच्या अंकाचा मथळा होता, ‘तारली घ्या’. हिराबाईंनी नंतर सांगितले की दोन आठवडे तारलीला गिऱ्हाईक होते, मग पुन्हा पापलेट.

हे सगळे अभिमानाने सांगण्यासारखे आहे आणि मी ते सांगतो. आमच्या पानाने नारळाला कधी विष म्हटले नाही आणि अमृतही म्हटले नाही, आणि दोन्ही म्हणणारे संदेश तालुकाभर फिरत असताना हे जमवणे सोपे नव्हते. वाचक आमच्यावर विश्वास ठेवत. पुढे जे घडले ते त्या विश्वासामुळेच घडले.

सहा वर्षांपूर्वीचा एक गुरुवार. सदराचा विषय होता नारळ. हृदयरोग असलेल्यांनी, रक्तातली चरबी वाढलेल्यांनी नारळाचे दूध, तूप आणि दुधावरची साय कशी कमी करावी, हे अनितांनी नेमके लिहिले होते. कालवणात नारळाच्या दुधाऐवजी थोडे वाटण वापरा. दुधावरची साय काढून घ्या. तूप सणाला. तीन मुद्दे होते आणि तिन्ही चांगले होते. शेवटचा परिच्छेद असा होता:

‘हे पथ्य दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. त्यांच्या मेंदूच्या आणि अंगाच्या वाढीला स्निग्ध पदार्थ लागतात. घरात मोठ्यांसाठी नारळ, तूप, साय कमी केले तरी लहान मुलाच्या वाटीतून ते काढू नये.’

अठ्ठावीस शब्द. दुपारी पावणेतीनला एका फर्निचरच्या दुकानाची जाहिरात आली आणि पान खालून सहा ओळींनी आखडले. मी शेवटचा परिच्छेद काढला. सदर नीट संपते का ते पाहिले. नीट संपत होते.

शुक्रवारी अनितांचा संदेश आला, “शेवटचा परिच्छेद?”

मी उत्तर दिले, “जागा.”

“पुढच्या अंकात टाका, सर. तो महत्त्वाचा आहे.”

मी हो म्हणालो आणि परिच्छेद ‘उरलेला मजकूर’ या नावाच्या फायलीत ठेवला. पुढच्या आठवड्यात उपवासाच्या पदार्थांचे सदर ठरलेले होते, त्याच्या पुढच्या आठवड्यात मधुमेहाचे. त्या फायलीत गेलेला मजकूर परत बाहेर आल्याचे मला आठवत नाही.

पाच महिन्यांनी एक आंतरदेशीय पत्र उघडले. वाचकांची पत्रे आम्ही ट्रेमध्ये ठेवायचो आणि आली त्या क्रमाने उघडायचो. हा नियम मीच घातला होता, कोणाला झुकते माप मिळू नये म्हणून. पत्रावरचा टपालाचा शिक्का एकोणीस दिवसांपूर्वीचा होता.

अक्षर शाळेतल्या फळ्यावरचे वाटावे असे होते. लिहिणाऱ्या बाईंचे नाव फिलोमिना. भुईगावच्या, निवृत्त शिक्षिका. पत्र मी पाठ केलेले नाही, पण मुद्दे लक्षात आहेत. त्यांच्या पतीची अँजिओप्लास्टी झाली होती. तेव्हापासून आमच्या सदरातली सर्व पथ्ये त्या घरात काटेकोर पाळत होत्या आणि पतीच्या तपासण्या समाधानकारक होत्या. सून अंधेरीला नोकरीला जाते. नात त्यांच्याकडे असते. नात सोळा महिन्यांची. तिलाही त्या सदरातला आहारच देतात. मात्र अकराव्या महिन्यात तिचे वजन आठ किलो दोनशे होते आणि आता आठ किलो तीनशे आहे. तिची त्वचा कोरडी झाली आहे आणि ती पूर्वीसारखी खेळत नाही. पत्राची शेवटची ओळ मात्र तशीच्या तशी आठवते: ‘तरी तिच्या आहारातून आणखी काय कमी करावे, हे कृपया कळवावे.’

मी अनितांना फोन करून पत्र वाचून दाखवले. त्यांनी वजनाचे आकडे पुन्हा वाचायला सांगितले. मग म्हणाल्या, “उत्तर छापू नका. पत्ता द्या. मी आत्ता निघते.”

“मीही येतो,” मी म्हणालो.

“या. आणि तो परिच्छेद घेऊन या.”

भुईगावचे घर वाडीत होते. मागे केळी होत्या, विहिरीजवळ चार नारळ, ओसरीवर येशूच्या तसबिरीखाली एक लहान दिवा. फिलोमिना टीचर (गावात त्यांना सगळे टीचरच म्हणत) दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या, ताठ. त्यांचे पती पास्कल आरामखुर्चीत होते. नात, तिचे नाव अलिशा, खाली चटईवर बसली होती. तिच्यासमोर खेळणे होते आणि ती त्याकडे बघत नव्हती.

“पत्राला उत्तर द्यायला घरी येता, हे मला माहीत नव्हतं,” टीचर म्हणाल्या. “बसा. चहा बिनसायीचा आहे.”

अनितांनी मुलीला मांडीवर घेतले, तिच्या दंडाला हात लावला, पापणी खाली ओढून पाहिली. मग लसींच्या डोसांचे कार्ड मागितले. त्यावर वजनाची रेघ असते. पहिले अकरा महिने ती वर चढत होती. त्यानंतर पाच महिने ती जमिनीला समांतर होती.

“दिवसभरात काय खाते?”

टीचर आत गेल्या आणि एक दोनशे पानी वही घेऊन आल्या. वहीत आमचे सदर होते. पास्कल यांच्या आजारपणापासूनचे प्रत्येक कात्रण, एका पानावर एक, तारखेनिशी चिकटवलेले. आणि शेवटच्या पानांत नातीचा रोजचा आहार, वेळेसकट. सकाळी साय काढलेले दूध. दहाला तांदळाची पेज. दुपारी भात आणि डाळीचे पाणी, बिनफोडणीचे. चारला सफरचंद. संध्याकाळी पेज. इतकी स्वच्छ नोंद मी बातमीदारांकडूनही क्वचित पाहिली आहे.

“आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, वजन वाढत नाही, खाणं वाढवा,” टीचर म्हणाल्या. “मी वाढवलं. दोन वाट्या होत्या, तीन केल्या.”

“टीचर, वाटी वाढली, पण वाटीत पाणी आहे,” अनिता म्हणाल्या. “तिचं पोट तिच्या मुठीएवढं. त्यात तीन वाट्या पेज मावली तर भूक मरते, पण अंगाला काही लागत नाही. एक चमचा तुपात जेवढी ताकद आहे, तेवढी मिळवायला तिला किती पेज प्यावी लागेल, विचार करा. भातापेक्षा, साखरेपेक्षा चरबीत वजनाला दुपटीहून जास्त ऊर्जा असते. मोठ्यांना म्हणूनच ती कमी करायची. आणि हिला म्हणूनच द्यायची.”

“तूप द्यायचं?”

“तूप, साय, नारळाचं दूध, अंड्याचा बलक. सगळं.”

टीचर वहीकडे वळल्या. नारळाच्या सदराचे पान त्यांनी न शोधता उघडले. “इथे तर कमी करा लिहिलंय.”

“ते हृदयाच्या आजारासाठी.”

“ते मला समजतं. यांच्यासाठी.” त्यांनी पतीकडे बोट केले. “पण घरात दोन टोप ठेवत नाही आम्ही. एकच कालवण, एकच डाळ. यांचं पथ्य म्हणजे घराचं पथ्य. जे आजारी माणसाला चांगलं, ते पोरीला वाईट कसं असेल, असं मला वाटलं. सून म्हणाली होती, आई, एक चमचा तूप घालूया. मी तिला हे कात्रण दाखवलं. तिने पुन्हा विषय काढला नाही.”

 पास्कल माझ्याकडे वळून म्हणाले, “माझं जेवण तुम्ही बेचव केलंत, ते मी सोसलं. माझी चूक होती, मी खाल्लं होतं आयुष्यभर. हिने काय खाल्लं होतं?” मग पत्नीशी ते घरच्या बोलीत एक वाक्य बोलले. टीचरनी त्याचे भाषांतर केले नाही.

मी बॅगेतून मूळ मजकुराचा कागद काढला. शेवटच्या परिच्छेदावर माझी तिरकी रेघ होती. तो मी टीचरच्या हातात दिला आणि म्हणालो की हे अनितांनी लिहिले होते, जाहिरात आली म्हणून मी कापले, आणि पुढच्या अंकात घालायचे कबूल करून घातले नाही.

त्यांनी चष्मा लावून तो परिच्छेद वाचला. मग पुन्हा वाचला.  नातीने वहीचे पान ओढले आणि त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

“चौतीस वर्षं मी मुलांना सांगितलं,” त्या म्हणाल्या, “की वाक्य शेवटपर्यंत वाचा. उत्तर शेवटी असतं. शेवटच नसेल तर वाचणाऱ्याने काय करायचं, हे मी कधी शिकवलं नाही.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“ती तर आहेच. पण चमचा माझ्या हातात होता.”

 अनितांनी विषय कामावर आणला. आधी आजच्या आज बालरोगतज्ज्ञ, कारण वजन थांबण्याला दुसरेही कारण असू शकते आणि ते गृहीत धरून चालत नाही. मग आहार. त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर लिहून दिले: प्रत्येक जेवणात एक चमचा तूप. दूध सायीसकट. पेजेत नारळाचे दूध. मऊ डाळ, नुसते पाणी नव्हे. अंड्याचा बलक. काटे नीट काढून कुस्करलेला बांगडा. कुस्करलेले केळे, ते तर मागच्या दारी होते. आणि पास्कल यांचे पथ्य आहे तसेच चालू.

“म्हणजे दोन टोप,” टीचर म्हणाल्या.

“टोप एकच ठेवा. हिची वाटी आधी काढा आणि वाटीत वरून घाला. तूप टोपात नाही, वाटीत.”

हे वाक्य मी तिथेच लिहून घेतले. तोपर्यंत सदरात इतके उपयोगी वाक्य आले नव्हते. आम्ही पथ्य एका माणसाला सांगत होतो आणि ते शिजत होते संपूर्ण घरासाठी. पेपर एकाच्या हातात असतो, टोप सगळ्यांचा असतो. हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते, आणि आम्ही सगळे टोपातलेच जेवणारे होतो.

बालरोगतज्ज्ञांनी दोन दिवसांत तपासण्या केल्या. थोडे रक्त कमी होते, दुसरा आजार नव्हता. मूल उपाशी आहे, असे ते अनितांना फोनवर म्हणाले. रोज पोटभर पेज पिऊन उपाशी.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा. वर्तमानपत्राची चूक चौथ्या पानावर, जाहिरातींच्या वर, बारीक अक्षरांत छापतात. ‘दुरुस्ती’ हा शब्द आणि खाली चार ओळी. पद्धत सर्वत्र तीच आहे. मी संपादकांना सांगितले की ही दुरुस्ती सदराच्या जागी, सर्वांत वर, ठळक अक्षरांत जाईल.

“दुरुस्तीला मथळा मागणारा तू पहिलाच,” ते म्हणाले. “लोक म्हणतील आमचं सगळं पान चुकीचं असतं.”

“लोकांनी नारळ मथळ्यात वाचला होता. मुलांचं चौथ्या पानावर वाचणार नाहीत.”

“जाहिरात आली तर?”

“मग वरचं राहील आणि खालचं जाईल. नेहमीसारखं.”

त्यांनी पान माझ्याकडे परत सरकवले. त्या आठवड्यात सदर शेवटापासून सुरू झाले. पहिल्यांदा अनितांचे अठ्ठावीस शब्द. त्याखाली, हा परिच्छेद पाच महिन्यांपूर्वी कापला गेला, तो कापायला नको होता, असे माझ्या नावाने. मग वाटी आणि टोपाची गोष्ट, घराचे नाव न देता.

तेवढ्या आठवड्यात नऊ घरांतून फोन आले. सगळ्यांचे म्हणणे थोड्याफार फरकाने एकच: आम्हीही साय बंद केली होती. अनितांनी नऊही मुलांची कार्डे पाहिली. सात ठीक होती, दोघांना डॉक्टरकडे पाठवावे लागले. ज्यांनी पहिला अंक वाचला आणि दुसरा वाचला नाही, अशी घरे किती, हे मला माहीत नाही. ते कळण्याचा मार्गही नाही. चौदा वर्षांच्या कामाबद्दल मला कोणी विचारले तर मी चमचा सांगतो, तारली सांगतो. ही संख्या मी सांगू शकत नाही.

त्यानंतर मी पानाचा नियम बदलला. कोणाला लागू नाही, ते सदराच्या पहिल्या ओळीत यायचे. अनितांना ते लिहिताना अवघडल्यासारखे व्हायचे. “दार उघडायच्या आधीच कोणाला येऊ नका सांगतेय असं वाटतं,” त्या म्हणायच्या. पण त्यांनी तसेच लिहिले आणि ते कधी कापले गेले नाही. ट्रेचा नियमही गेला. ज्या पत्रात लहान मुलाचे वय लिहिलेले असेल, ते त्याच दिवशी उघडायचे.

टीचर दर महिन्याला पोस्टकार्ड पाठवू लागल्या. मजकूर एका ओळीचा, गुणपत्रिकेसारखा. अलिशा, आठ किलो सहाशे. अलिशा, आठ किलो नऊशे पन्नास. तिसऱ्या कार्डावर नऊ किलो तीनशेखाली त्यांनी पहिल्यांदा आणखी एक ओळ लिहिली होती: ‘आता बांगडा मागते. अर्नाळ्याची एक बाई तारलीही द्यायला बघते. तर आणखी काय वाढवावे?’ ते कार्ड मी अनितांना वाचून दाखवले. त्यांनी ते मागून घेतले आणि परत दिले नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. सामान आवरताना ‘उरलेला मजकूर’ ही फाईल पुसून टाकली आणि मूळ मजकुराचा तो कागद शोधू लागलो. तो मिळाला नाही. मग आठवले की तो भुईगावलाच राहिला होता. मी गेलो.

पास्कल ओसरीवर होते. जेवण अजून बेचवच आहे, हे त्यांनी आधी सांगितले. अलिशा पहिलीत होती. ती शाळेतून आली, दप्तर टाकले आणि आजीला विचारले, “हे कोण?”

“हे पेपरवाले,” टीचर म्हणाल्या. “यांनी तुझं तूप बंद केलं होतं.”

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले आणि स्वयंपाकघरात गेली. आतून डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला.

मी कागदाबद्दल विचारले. टीचरनी वही आणली. कागद तिच्यात नव्हता, तो कधीच हरवला होता. पण नारळाच्या सदराचे पान त्यांनी उघडून माझ्यासमोर धरले. कात्रण पिवळे पडले होते. त्याच्या शेवटच्या ओळीखाली, त्या फळ्यावरच्या अक्षरात, अठ्ठावीस शब्द लिहिलेले होते. मी ते मोजले.

“हे कधी लिहिलंत?”

“त्याच दिवशी. तुम्ही दोघं रिक्षात बसलात तेव्हा.”

परिच्छेद सलग लिहिलेला होता, अक्षर लहान न करता. त्याच्याखाली पानावर अजून चार बोटे जागा मोकळी होती.